सार्वजनिक दुर्घटनांतील मृतांचे कुटुंबीय आणि कायदेशीर साहाय्य : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोठ्या सार्वजनिक दुर्घटनेचा इतिहास बहुधा मृतांच्या संख्येपाशी सुरू होतो आणि चौकशी अहवालापाशी संपतो. धरण फुटले, चेंगराचेंगरी झाली, आग लागली, दरड कोसळली. शासनाने मदत जाहीर केली, आयोग नेमला, अहवाल सादर झाला, अशा क्रमाने या घटनांची नोंद होते. ज्यांच्या घरातील माणूस गेला त्या कुटुंबाचा पुढील प्रवास या नोंदीत क्वचितच येतो. मृत्यूचा दाखला कोणी मिळवून दिला, दावा कोणत्या न्यायालयात दाखल झाला, आयोगासमोर त्या कुटुंबाच्या वतीने कोण उभे राहिले, हे प्रश्न इतिहासलेखनाच्या कडेलाच राहिले आहेत.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव यांसारख्या गावातून पाहिले असता या प्रश्नांचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. दुर्घटना नागपूर, मुंबई किंवा एखाद्या महामार्गावर घडते. मृतदेह मात्र गावात येतो. शोक गावात, तालुक्याचे न्यायालय मंगरूळपीरला, जिल्ह्याची कार्यालये वाशीमला आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, असे अंतर त्या कुटुंबाला पार करावे लागते. हे अंतर केवळ रस्त्याचे नाही. कायद्याचे ज्ञान, कागदपत्रे, मुदती आणि खर्च यांचेही आहे. ते कमी करण्यासाठी कायद्याने कोणकोणती साधने निर्माण केली आणि ती शोकग्रस्त कुटुंबापर्यंत कितपत पोहोचली, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) दुर्घटनाग्रस्तांच्या वारसांना भरपाई देणाऱ्या कायद्यांची ऐतिहासिक वाटचाल स्पष्ट करणे.
२) चौकशी आयोगांच्या कार्यपद्धतीत मृतांच्या कुटुंबीयांचे स्थान तपासणे.
३) मोफत विधी सेवेच्या कायद्याचा दुर्घटनाग्रस्तांच्या दृष्टीने विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी, न्यायनिर्णय आणि सार्वजनिक घटनांच्या नोंदी यांचा आधार घेतला आहे.

वारसांच्या हक्काचा उगम

मनुष्याच्या मृत्यूबद्दल त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात मात्र ती नव्हती. १८०८ मधील एका निवाड्याने असा नियम रूढ केला की, माणसाचा मृत्यू हा दिवाणी दाव्याचा आधार होऊ शकत नाही. जखमी मनुष्य दावा करू शकत होता. तो मेला तर त्याचे कुटुंब रिकाम्या हाताने राहत होते. रेल्वेच्या विस्ताराबरोबर अपघात वाढले, तेव्हा ही विसंगती दूर करण्यासाठी १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने कायदा झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा, म्हणजे प्राणघातक अपघात कायदा, अस्तित्वात आला. मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि अपत्ये यांच्या हितासाठी दावा करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. भाऊ-बहिणींचा त्यात समावेश नाही, ही त्याची मर्यादा संयुक्त कुटुंबपद्धतीत विशेष जाणवणारी आहे.

हा हक्क कागदावर स्पष्ट असला तरी तो बजावण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा, त्यासाठी न्यायालयीन शुल्क, वकील आणि पुरावा यांची गरज होती. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा दाव्यासाठी मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षांची मुदत आहे. प्रतिवादी शासन असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. पोलिसांच्या कर्तव्यातील कृतीविरुद्धच्या कारवाईस महाराष्ट्राच्या पोलीस अधिनियमाने सहा महिन्यांची मर्यादा घातली. ज्या घरात सुतक संपून माणसे पुन्हा कामाला लागण्यातच महिने जातात, त्या घराला या मुदती माहीत असण्याची शक्यता किती, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

विसाव्या शतकात विशिष्ट क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदे झाले. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कामावरील मृत्यूबाबत, मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरील मृत्यूबाबत आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याने रेल्वे दुर्घटनेतील मृत्यूबाबत न्यायाचा तुलनेने सोपा मार्ग दिला. परिणामी मृत्यू कोठे झाला, यावर कुटुंबाचा हक्क अवलंबून राहू लागला. बसमध्ये मृत्यू झाल्यास न्यायाधिकरण आहे. मोर्च्यात, यात्रेत किंवा रस्त्यावरील चेंगराचेंगरीत मृत्यू झाल्यास असे कोणतेही न्यायाधिकरण नाही. तेथे उरतो तो १८५५ चा कायदा किंवा शासनाची सानुग्रह मदत.

चौकशी आयोग आणि शोकग्रस्त कुटुंब

स्वातंत्र्योत्तर काळात मोठ्या दुर्घटनेनंतर १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमण्याची प्रथा पडली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात महापूर आला. त्याच्या चौकशीचे काम प्रथम निवृत्त न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे देण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर अवघ्या सव्वा वर्षाच्या आत घडलेल्या या दुर्घटनेने आयोगाच्या पद्धतीला लोकमानसात स्थान मिळवून दिले. दुर्घटना झाली की न्यायालयीन चौकशीची मागणी करणे, हा तेव्हापासून सार्वजनिक जीवनाचा भाग झाला आहे.

तथापि आयोगाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. आयोग तथ्य शोधतो आणि शिफारस करतो. तो शिक्षा देत नाही व भरपाईचा हुकूमही करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये दालमिया प्रकरणात हे स्पष्ट केले होते. आयोगासमोर दिलेले निवेदन, कायद्याच्या सहाव्या कलमानुसार, ते देणाऱ्या व्यक्तीविरुद्ध पुढील दिवाणी वा फौजदारी कारवाईत वापरता येत नाही. खोट्या साक्षीबाबतचा खटला एवढाच याला अपवाद आहे. त्यामुळे आयोगाच्या अहवालाची वाट पाहत बसलेल्या कुटुंबाची दाव्याची मुदत आयोगाचे कामकाज चालू असतानाच संपू शकते आणि अहवाल हाती आला तरी त्याने दावा आपोआप सिद्ध होत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रतिनिधित्वाचा आहे. १९७१ च्या दुरुस्तीने या कायद्यात ८ ब व ८ क ही कलमे घालण्यात आली. ज्या व्यक्तीच्या वर्तनाची चौकशी होत आहे किंवा जिच्या प्रतिष्ठेस बाधा येण्याचा संभव आहे, तिला बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक झाले. शासनाला आणि अशा व्यक्तीला साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा व वकील देण्याचा हक्क मिळाला. इतर साक्षीदारांना मात्र हीच संधी आयोगाच्या परवानगीने मिळते. म्हणजेच ज्या अधिकाऱ्यावर ठपका येण्याची शक्यता आहे त्याचा वकील हक्काने उभा राहतो. ज्या आईचे मूल गेले तिचा वकील परवानगीने उभा राहतो. नैसर्गिक न्यायाच्या दृष्टीने पहिली तरतूद योग्यच आहे. परंतु दुसऱ्या बाजूचा विचार कायदा करताना झालेला दिसत नाही.

नागपूरची गोवारी दुर्घटना, १९९४

या त्रुटीचे सर्वांत वेदनादायक उदाहरण विदर्भातील आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात आला. गुरे राखणे हा परंपरागत व्यवसाय असलेल्या या समाजाची मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. पोलिसांच्या लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले आणि शेकडो जखमी झाले. मृतांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी न्यायमूर्ती एस. एस. दाणी यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. आयोगाने घटना दुर्दैवी ठरविली. दोषी मात्र कोणासही धरले नाही.

या घटनेचा पुढील इतिहास दोन मार्गांनी गेला. एक मार्ग समाजाच्या मूळ मागणीचा. १९९५ मध्ये या समाजाचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी समाजाला अनुसूचित जमातीचे लाभ मान्य केले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मात्र दरम्यानच्या काळात मिळालेले प्रवेश व नोकऱ्या यांना संरक्षण दिले. दुसरा मार्ग स्मृतीचा. नागपुरात शहीद स्मारक उभे राहिले, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले आणि दरवर्षी २३ नोव्हेंबरला तेथे लोक जमतात.

या दोन्ही मार्गांच्या मधोमध जो तिसरा मार्ग असावयास हवा होता, म्हणजे ११४ घरांपैकी प्रत्येक घराच्या स्वतंत्र न्यायाचा, तो रुंद होऊ शकला नाही. मागणी समाजाची होती, पण मृत्यू प्रत्येक घरातला वेगळा होता. कोणाच्या घरातील कमावता गेला, कोणाची आई गेली, कोणाचे मूल गेले. सामूहिक लढ्यात या वेगळेपणाला वाव नसतो. न्यायालयातील दाव्यात तोच मुख्य मुद्दा असतो. गुराख्याच्या घरातील स्त्रीने दिवाणी न्यायालयात शासनाविरुद्ध कलम ८० ची सूचना देऊन दावा दाखल करावा, अशी अपेक्षा कायद्याने ठेवली होती. त्यासाठी लागणारा वकील तिला कोण देणार, याचे उत्तर त्या दिवशी अमलात नव्हते.

विधी सेवेचा कायदा आणि त्याचा विलंब

हे विधान अक्षरशः खरे आहे. गरिबांना कायदेशीर मदत देण्याचा विचार मुंबई प्रांतात १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या समितीने मांडला होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९ क आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे निदेशक तत्त्व बनले. १९८७ मध्ये संसदेने विधी सेवा प्राधिकरण कायदा संमत केला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत विधी सेवेस पात्र व्यक्तींची यादी असून, सामूहिक आपत्ती, वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार, पूर, अवर्षण, भूकंप किंवा औद्योगिक आपत्ती यांमुळे संकटात सापडलेल्या व्यक्तीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्याच यादीत स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांचाही समावेश आहे.

परंतु हा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. संमत होणे आणि लागू होणे यांत आठ वर्षांचे अंतर पडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जवळपास ८,००० माणसे दगावली, तेव्हा तो लागू नव्हता. नागपूरची चेंगराचेंगरी झाली तेव्हाही नव्हता. त्या घटनेला वर्ष पूर्ण होण्यास चौदा दिवस उरले असताना तो लागू झाला. कायद्याच्या इतिहासात आठ वर्षे हा कालावधी लहान वाटतो. पण त्याच कालावधीत मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांचे वारसाहक्क, अनाथांचे पालकत्व व शेतजमिनींच्या नोंदी यांचे प्रश्न आणि नागपूरच्या मृतांच्या कुटुंबीयांचे दावे, या साऱ्यांना या कायद्याचा आधार वेळेवर मिळाला नाही.

पुढे २०१० मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आपत्तिग्रस्तांसाठी स्वतंत्र योजना केली. जिल्हा प्राधिकरणाने आपत्तीनंतर स्वतः पुढाकार घ्यावा, हरवलेली कागदपत्रे पुन्हा मिळवून देणे, विम्याचे दावे, कर्जाचे प्रश्न आणि निराधार मुलांचे पुनर्वसन यांत साहाय्य करावे, अशी तिची दिशा आहे. कुटुंबाने मदतीसाठी येण्याची वाट न पाहता मदतीने कुटुंबाकडे जावे, हे तत्त्व या योजनेने मान्य केले. ऐतिहासिकदृष्ट्या हा महत्त्वाचा बदल होय.

सानुग्रह मदत व हक्काची भरपाई

दुर्घटनेनंतर काही तासांत जाहीर होणारी रक्कम ही सानुग्रह मदत असते. ‘सानुग्रह’ या शब्दातच कृपेचा अर्थ आहे. ती तातडीने मिळते हा तिचा गुण; ती मृताचे वय, कमाई, अवलंबित किंवा कोणाचा दोष यांपैकी कशाचाही विचार करीत नाही, ही तिची मर्यादा. अनेक कुटुंबांचा असा समज होतो की, हा धनादेश स्वीकारला म्हणजे प्रकरण मिटले. कायद्यात तसे नाही. हक्काच्या भरपाईचा दावा त्यानंतरही करता येतो.

या दोहोंतील भेद न्यायालयांनी क्रमाक्रमाने स्पष्ट केला. १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात शासनाच्या सार्वभौम कृतींना दाव्यापासून संरक्षण मिळाले होते. १९८३ च्या रुदुल शाह आणि १९९३ च्या नीलाबती बेहेरा या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल रिट अधिकारातच भरपाई देण्याचा मार्ग खुला केला. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूर येथे एका समारंभात लागलेल्या आगीतील मृतांबाबत भरपाईची रक्कम ठरविण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे देण्यात आले होते. त्या प्रकरणात २००१ मध्ये अंतिम निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मूल्य दरमहा किमान ३,००० रुपये धरले आणि मुलांच्या मृत्यूबद्दलची रक्कम वाढविली. ज्या दुर्घटनेत प्रामुख्याने स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडतात, तिच्या दृष्टीने हा निर्णय मूलगामी होता. घरातील बाईच्या श्रमाला न्यायालयाच्या हिशेबात स्थान मिळाले.

कुटुंबीयांच्या संघटनेचे महत्त्व दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणातून दिसते. १३ जून १९९७ च्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना स्थापन करून उच्च न्यायालयात धाव घेतली. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कमी करून वीस वर्षांवरील मृतांसाठी १० लाख व इतरांसाठी साडेसात लाख रुपये ठरविली. चौदा वर्षे चाललेला हा लढा राजधानीतील, सुशिक्षित आणि संघटित कुटुंबांचा होता. तरीही त्यांना एवढा काळ लागला. गुराख्यांच्या वस्तीतून किंवा कोरडवाहू शेतीच्या गावातून असा लढा चालविणे किती अवघड, याची कल्पना यावरून येते.

अलीकडील काळ व वाशीम परिसर

२५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरी व आगीत सुमारे २९० भाविक दगावले. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात मृत्यूबद्दल सानुग्रह साहाय्याचे किमान निकष ठरविण्याची तरतूद आहे. कोविडच्या साथीत याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निर्णय दिला आणि मृतांच्या कुटुंबास ५०,००० रुपये मिळू लागले. अर्ज प्रलंबित राहू लागले, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने विधी सेवा प्राधिकरणांना पात्र कुटुंबांपर्यंत पोहोचण्याच्या कामात सहभागी करून घेतले. मदत जाहीर होणे आणि ती पोहोचणे यांच्यामध्ये विधी सेवकाची गरज असते, हे यातून मान्य झाले.

दरडी व महापुरात मृतदेह न मिळण्याचा प्रश्न वेगळा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. पुरावा कायद्यानुसार बेपत्ता व्यक्तीच्या मृत्यूचे अनुमान सात वर्षांनंतर करता येते. तोपर्यंत वारसनोंद, विमा व निवृत्तिवेतन अडकून राहू नये, यासाठी विशेष प्रशासकीय कार्यपद्धतीची गरज असते. २०१३ च्या केदारनाथ महापुरानंतर केंद्राने तशी कार्यपद्धती आखली होती.

वाशीम जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. १ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी मोटार वाहन कायद्याचे ज्ञान निर्णायक ठरते. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची सहा महिन्यांची मुदत काढून टाकली होती आणि कुटुंबाला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा करण्याची मुभा दिली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेला आव्हानही देण्यात आले. आसेगावच्या कुटुंबाला दूरच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत, ही सवलत आजही आहे. मात्र मुदतीची माहिती नसेल तर ती सवलत निरुपयोगी ठरू शकते.

तुलनात्मक दृष्टी

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील हिल्सबरो क्रीडांगणावरील चेंगराचेंगरीने अखेरीस ९७ बळी घेतले. पहिल्या मृत्यूचौकशीत पोलिसांच्या बाजूने सार्वजनिक खर्चाने वकील उभे होते. कुटुंबीयांना मात्र स्वतः पैसे जमवून वकील द्यावा लागला. १९९१ मध्ये हे मृत्यू अपघाती ठरले. कुटुंबीयांच्या दीर्घ लढ्यानंतर तो निष्कर्ष २०१२ मध्ये रद्द झाला आणि २०१६ मध्ये हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाल्याचे ठरले. २०२४ च्या कायद्याने तेथे मोठ्या दुर्घटनेतील पीडितांसाठी स्वतंत्र सार्वजनिक अधिवक्त्याची तरतूद केली. विकसित देशातही शोकग्रस्तांचे प्रतिनिधित्व हक्काने मिळाले नाही, ते झगडून मिळवावे लागले, हा यातील बोध आहे.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रात वारसांच्या भरपाईचा हक्क १८५५ पासून मान्य आहे, तो बजावण्याचे साधन, म्हणजे मोफत वकील, कायद्याने प्रत्यक्षात १९९५ मध्ये दिले. या १४० वर्षांच्या अंतरातच शोकग्रस्तांच्या उपेक्षेचे मूळ आहे.

२) चौकशी आयोग हे सार्वजनिक सत्यशोधनाचे साधन आहे, भरपाईचे नव्हे. आयोगाचे काम चालू असताना कुटुंबांचे स्वतंत्र दावे मुदतीत दाखल होणे आवश्यक आहे. तसेच कलम ८ क मध्ये मृतांच्या कुटुंबीयांना प्रतिनिधित्वाचा हक्क मिळणे न्यायाचे ठरेल.

३) सानुग्रह मदतीबरोबरच हक्काच्या भरपाईची, मुदतींची व तालुका विधी सेवा समितीची माहिती कुटुंबाला लेखी व मराठीत देणे हे प्रशासनाचे कर्तव्य मानले पाहिजे.

४) ग्रामीण महाविद्यालयांतील विधी साक्षरतेच्या उपक्रमांत व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत या विषयाचा समावेश झाल्यास दुर्घटनेपूर्वीच ही माहिती गावापर्यंत पोहोचेल.

नागपूरच्या स्मारकावर ११४ मृत्यूंचे स्मरण दरवर्षी होते. स्मरण ही समाजाची जबाबदारी आहे आणि ती समाजाने निभावली. न्याय ही राज्याची जबाबदारी होती. त्या दिवशी ज्या कुटुंबांच्या बाजूने कायद्याचा माणूस उभा राहू शकला नाही, त्यांचा इतिहास नोंदविणे आणि पुढील दुर्घटनेत तो माणूस पहिल्या आठवड्यातच दारात पोहोचेल अशी व्यवस्था उभी करणे, ही दोन्ही कामे अद्याप शिल्लक आहेत.